वॉलआयसाठी आईस रॉड आणि लाईन: काय घेतलं, काय परत दिलं

वॉलआय हा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या, तळ्यांतला मासा, आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून तो गळाने धरतात; त्यासाठीच्या रॉड आणि लाईनबद्दल हे. आधी निकाल सांगून टाकतो, मग सविस्तर. दोनेकशे डॉलर बजेट असेल तर ते एकाच भारी रॉडवर उडवू नका, मधल्या किमतीचे दोन वेगवेगळे रॉड घ्या आणि लाईनमध्ये कंजुषी करू नका. कारण मिनेसोटात उन्हाळ्यात माणशी एकच लाईन टाकता येते पण बर्फावर दोन चालतात, त्यामुळे इथले मुरलेले लोक एका भोकात जिगिंग करत (आमिष झटके देत वर-खाली नाचवत) बसतात आणि दुसऱ्या भोकात जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावून रॉड नुसता ठेवून देतात, त्याला डेडस्टिक म्हणतात. ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की एकाच जातीचे दोन रॉड घेतले तर त्यातला एक फुकटच जातो, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

जिगिंगचा रॉड आधी घेऊ. २८ ते ३० इंच, ताकद मीडियम-लाईट किंवा मीडियम, आणि ॲक्शन फास्ट, म्हणजे फक्त शेंडा वाकणार आणि खालचा भाग ताठ राहणार. तंबूत बसून मारणार असाल तर २८ पुरे, बाहेर उभं राहून मारायची हौस असेल तर ३२-३६ घ्या, उगाच कंबर मोडून घेऊ नका. मी सेंट क्रॉईचा मोजो आईस वापरतो. ग्रॅफाईटचा आहे, हलका आहे, आणि मुख्य म्हणजे तळाला स्पून (धातूचं चमच्यासारखं आमिष) टेकला की मनगटाला कळतं. कोकणात गरवताना रॉड नसतोच, तंगूस बोटावर धरतो आणि मासा टोचला की थेट बोटाला समजतं. इथे उणे वीसमध्ये हातात जाड ग्लोव्ह, त्यामुळे ते बोटाचं काम रॉडच्या शेंड्याने करायचं असतं, म्हणून जिगिंग रॉडवर दहा-वीस डॉलर जास्त गेले तरी मला वाईट वाटत नाही.

दुकानात रॉड नुसता हवेत हलवून काही कळत नाही. त्यापेक्षा जो स्पून वापरणार तोच शेंड्याला लटकवून बघा, म्हणजे आठवा भाग औंसाचा बकशॉट स्पून वगैरे. वजनाने शेंडा जरासा झुकला तर बरोबर, अजिबात हलला नाही तर रॉड जास्त कडक आहे आणि अर्धा वाकला तर तो क्रॅपी-ब्लूगिलसारख्या लहान माशांचा रॉड आहे, वॉलआयचा नाही. जिगिंग रॅप (माशाच्या आकाराचं आमिष) मारणारे असाल तर मात्र मीडियमच घ्या, तो जड असतो आणि नरम रॉडने त्याला झटका बसतच नाही. रॉडवरच्या कड्या पण बघा, अगदी बारीक कड्या असतील तर बाहेर दर पाच मिनिटांनी बर्फ फोडत बसावं लागतं.

डेडस्टिकचं गणित उलटं आहे. इथे शेंडा एकदम मऊ पाहिजे, ३२-३६ इंच लांब, पण बुडाशी दम पाहिजे. मिनोला पाठीच्या पराखाली हूक लावायचा, वर एक छोटं शिसं, तळापासून फूटभर वर सोडायचा आणि रॉड होल्डरला लावून विसरायचा. मासा येतो तेव्हा आधी मिनो घाबरून वळवळतो, शेंडा थरथरतो, मग शेंडा हळूहळू पाण्याकडे झुकत जातो आणि झुकतच राहतो. कडक रॉड असेल तर वॉलआयला ओढ जाणवते आणि तो मिनो थुंकून निघून जातो, मऊ असेल तर तो आरामात गिळत राहतो आणि तुम्हाला उठून रॉड हातात घ्यायला वेळ मिळतो. यासाठी अग्ली स्टिकचा जीएक्स२ मस्त आहे, स्वस्त आहे आणि ग्रॅफाईटबरोबर फायबरग्लास असल्यामुळे ट्रकमध्ये बादलीखाली आला तरी सहसा मोडत नाही. जिगिंगसाठी मात्र तो मला बथ्थड वाटतो. ज्यांना पैसे उडवायचेच आहेत त्यांनी ब्लेन गावी थॉर्न ब्रदर्सच्या दुकानात जाऊन हाताने बनवलेले रॉड बघून यावेत, नुसते बघायला काही लागत नाही (खिशातलं पाकीट घरी ठेवून जा).

रीलबद्दल थोडक्यात. १००० किंवा त्याहून लहान साईज, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन सोडणारा ब्रेक) गुळगुळीत. एका ब्रँडचा रॉड-रील कॉम्बो आणला होता, नाव घेत नाही, घरात छान फिरत होता आणि थंडीत आतलं ग्रीस असं घट्ट झालं की ड्रॅग झटके देत सुटायला लागला, बरा मासा भोकाच्या तोंडाशी डोकं हलवून गेला. कॉम्बो परत दिला. इनलाईन रील (लाईन सरळ सुटणारा, पीळ न पाडणारा) वॉलआयसाठी लागत नाही.

आता लाईन, आणि लोक नेमके इथेच दोन डॉलर वाचवतात. डेडस्टिकला ६ पौंड ताकदीची मोनो (साधी नायलॉनची लाईन), कारण ती ताणली जाते आणि तो ताण इथे आपल्या फायद्याचा. ट्रायलीन कोल्ड वेदर निळी असते, बर्फावर डोळ्याला दिसते, मला तेवढं बास. जिगिंगला दोन रस्ते. पंधरा-वीस फुटांपर्यंत ६ पौंडाची फ्लुरो (फ्लुरोकार्बनची लाईन) सरळ रीलवर भरा, ती पाणी पीत नाही, बुडते आणि मोनोपेक्षा कमी ताणते. लेक ऑफ द वुड्ससारख्या ठिकाणी तीस फुटांवर मारत असाल तर १० पौंडाची ब्रेड (विणलेली लाईन) आणि खाली दोनेक फूट ६-८ पौंडाचा फ्लुरो लीडर (टोकाचा तुकडा), मध्ये बारीक स्विव्हल (फिरती कडी) टाकला की पीळ पण पडत नाही. पण ब्रेड फक्त गरम तंबूत. बाहेर ती पाणी पिते आणि दोरीचा नुसता खिळा होतो. आईस ब्रेड म्हणून कोटिंगवाली मिळते ती थोडी बरी, जादू नाही.

फ्लुरो पाण्यात दिसत नाही म्हणून लोक भारावून जातात. मिल लॅक्स तळ्यात झेब्रा शिंपले आल्यापासून पाणी खूप स्वच्छ झालंय, तिथे फरक पडत असेलही, पण अप्पर रेड लेकच्या चहासारख्या पाण्यात संध्याकाळी कोण बघतंय तुमची लाईन! मी फ्लुरो घेतो ती कमी ताणते म्हणून. गाठ आवळताना थुंकी लावून ओली करा, कोरडी ओढली की तिथेच कमजोर होते. आणि नॉर्दर्न पाईक (धारदार दातांचा मोठा मासा) आला तर सगळं कापून नेतो, त्याला इलाज नाही.

एक गोष्ट पाळाच, लाईन दर सीझनला बदला. लहान स्पूलवर वर्षभर राहिली की तिची स्प्रिंग होते, भोकात गोल गोल वेटोळी दिसतात आणि मासा स्पून तोंडात घेऊन वर आला तरी ती वेटोळी फक्त जराशी सैल होतात, रॉड कितीही भारी असला तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

खरेदी कधी, तर घाई नसेल तर मार्चमध्ये. इथल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो आणि दुकानदारांना रॉड खपवायचे असतात. लेक ऑफ द वुड्स १४ एप्रिलपर्यंत चालू असतो, म्हणजे सेलमधला रॉड त्याच वर्षी वापरता पण येतो, फक्त जाण्याआधी तिथल्या रिसॉर्टला फोन करून बर्फ विचारा. सेलमध्ये लाईन मात्र घेऊ नका, ती नोव्हेंबरात ताजी घ्या.