नदीच्या पाण्याचं तापमान: हातातला थर्मामीटर की लॉगर?

या निवडीत किमतीपेक्षा वेळ महत्त्वाची. नदीचं पाणी साधारण पहाटे सर्वांत थंड असतं आणि दुपार कलल्यावर सर्वांत गरम. रोज सकाळी नऊला थर्मामीटर बुडवलात तर ही दोन्ही टोकं हुकतात. लॉगर, म्हणजे पाण्यातच ठेवायचं, तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र, दर 15 मिनिटांनी नोंद घेतो, रात्रीच्या पावसाने तापमान किती घसरलं तेही सापडतं.

मेहनत मात्र लॉगरलाच जास्त. थेट ऊन लागलं की आकडा फुगतो, म्हणून भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपात घालून वाहत्या पाण्यात जड दगडाला तारेने बांधावा. गाळात पुरला गेला तर दिवसरात्रीचा फरक दबतो. पाणी ओसरून उघडा पडला तर तो हवेचंच तापमान नोंदतो; आलेखात एकाएकी मोठे चढउतार दिसले की बहुधा हेच झालेलं असतं. पुरात वाहून गेला तर सगळ्या नोंदी गेल्या.

थर्मामीटर स्वस्त. सावलीत, धारेत मिनिटभर धरा आणि पाण्याबाहेर न काढता वाचा. सोबत वेळ, ढग, वारा लिहा. दोन्ही साधनं आधी बर्फ-पाण्याच्या लगद्यात 0 अंश दाखवतात का, ते पाहा.

पोहायला उतरण्यापूर्वी थर्मामीटर पुरे. पाणी माशांना सोसणार नाही इतकं किती तास तापतं हे कळायला हवं असेल, तर लॉगरच घ्या.