लोखंडी रंधा, जुनं सागवान आणि आईच्या पलंगाशेजारचं टेबल: वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या रविवारी रंध्याचं, म्हणजे लाकूड तासून सपाट करायच्या हत्याराचं, नवीन पातं आणलं. पातं आणि त्यावर बसणारी कॅप असा जोड, ६२० रुपये. घरी आल्या आल्या पाकीट फोडलं, दोन्ही एकत्र आवळले आणि मधून उजेड दिसतो का ते बघायला गॅलरीत जाऊन धरले. डाव्या कोपऱ्यात फट. गेल्या वर्षी याच कंपनीच्या रंध्यात होती तशीच, त्याच बाजूला. तेव्हाच ठरवलं की आता हे सविस्तर लिहायचं.

रंधा चार नंबरचा, लोखंडी, दोन इंची पात्याचा. बाकीची माहिती खोक्यावर असते. गेल्या ऑक्टोबरात बोहरी आळीतून १,६५० रुपयांना घेतला. कारण आईचं टेबल. आई रात्री दोन-तीनदा उठते आणि उठताना शेजारच्या वस्तूवर हात टेकून भार देते. बाजारातली बाजूची टेबलं मी सात-आठ दुकानांत बघितली. सगळी हलकी, भुसा दाबून केलेल्या फळीची. भार दिला की सरकतात आणि ओल्या फडक्याने पुसत राहिलं की कडा फुगतात. वर किंमत अडीच-तीन हजार. त्या पैशात चांगलं लाकूड येतं, मग स्वतःच करू, असा विचार केला.

लाकूड भवानी पेठेतल्या एका वखारीतून घेतलं. जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान, घनफुटाला ३,७०० रुपये. हिशेब आधी घरी मांडला होता: वरची फळी १६ बाय १४ बाय पाऊण इंच, चार पाय दीड इंच चौरस आणि सव्वावीस इंच उंच, भोवतीच्या चार पट्ट्या तीन इंच रुंद. सगळं मिळून साडेचारशे घनइंच. एका घनफुटात १,७२८ घनइंच, म्हणजे पाव घनफुटाच्या थोडं वर. कापाकापीत जाणारं धरून ०.४ घनफूट घेतलं, १,४८० रुपये झाले. जाडी तिथल्याच मिलमध्ये चिरून घेतली. पुढचं सगळं हाताने.

आता रंधा. पहिला महिनाभर मी तो नुसता झगडत वापरला. दोन हात चालवला की सालपट बाहेर पडायचं तोंड चोंदायचं. उलटा करून बघावं तर पातं आणि कॅप यांच्या मध्ये सालपट शिरून घट्ट बसलेलं, त्यामागे आणखी दहा सालपटं चुरगळून अडकलेली. स्क्रू सैल करा, जोड बाहेर काढा, टाचणीने कोरून काढा, पुन्हा बसवा, पुन्हा खोली जुळवा. पाच मिनिटं गेली. पुन्हा दोन हात, पुन्हा तेच. मला वाटलं धार कमी पडतेय. चार वेळा धार लावली. मनगटावरचे केस निघतील इतकी झाली, तरी चोंदणं थांबेना. एका पायाची एक बाजू सपाट करायला पूर्ण सकाळ गेली आणि तरी मधे मधे लाकडाचा रेशा उचकटलेलाच.

कंपनीला फोटोंसह लिहिलं. उत्तर आलं की धार ग्राहकाने लावून घ्यायची असते. ते मला मान्यच आहे, हातरंध्याचं पातं खोक्यातून काढून थेट चालत नाही हे कुणीही सांगेल. मी पुन्हा लिहिलं की प्रश्न धारेचा नाही, कॅप पात्याला नीट चिकटत नाही. त्यावर ‘एवढा फरक चालतो’ असं एका ओळीचं उत्तर आलं आणि तक्रार बंद केली.

नाही चालत. कॅप पात्यावर कशाला असते? सालपट कापलं गेलं की लगेच, धारेपासून अर्धा मिलीमीटरवर, कॅपची कड ते मोडते. मोडलं की सालपट पुढचं लाकूड ओढून उचकटवू शकत नाही. त्यासाठी कॅपची कड पात्याला संपूर्ण दोन इंच चिकटलेली हवी. केसाएवढी फट राहिली तरी सागाचं सालपट त्याहून पातळ असतं, ते तिथे शिरणारच. म्हणजे ज्या एका कामासाठी तो तुकडा दिलाय तेच काम तो करत नाही. हँडलला सुंदर पॉलिश होतं, तळ मी गुण्या (काटकोनाची पट्टी) धरून तपासला तर जवळपास सरळ होता, पितळी चाक छान फिरत होतं. फक्त ही कड कुणी दगडावर दोन मिनिटं घासली नव्हती.

नोव्हेंबरात लिहिलं असतं तर ‘हा रंधा घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. मत बदललं ते शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरच्या कामाला आलेल्या मिस्त्रींमुळे. साठीच्या आसपासचे, दिवसभर मशीनवर काम करत होते, पण जिन्यात माझा रंधा बघून थांबले. जोड मागितला, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटला आणि म्हणाले, “ताई, इथून उजेड येतोय. दगड आणा.” धारेचा दगड त्यांनी पायरीच्या अगदी काठावर ठेवला. कॅपची पुढची कड दगडावर आणि मागचं टोक काठाखाली लोंबतं. मागचं टोक खाली राहिल्यामुळे कडेचा फक्त अगदी पुढचा भाग पात्याला टेकेल असा उतार पडतो. मधे थोडी पोकळी राहिली की स्क्रू आवळल्यावर सगळा दाब नेमका पुढच्या रेषेवर येतो. तीस-चाळीस वेळा घासली, पुसली, जोड आवळून पुन्हा उजेडाला धरला. काळी सलग रेषा. “आता चालवा,” म्हणाले. चहा प्यायला थांबले, पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी रंध्यातून जे सालपट निघालं ते मी अजून वहीत ठेवलंय. पायाच्या लांबीएवढं, सलग, त्यातून अक्षरं वाचता येतील इतकं पातळ. वरच्या फळीला शेवटी पॉलिश पेपर लावलाच नाही. रंध्याने कापलेलं सागवान स्वतःच चमकतं, त्यावर पेपर घासला की उलट ते मंद होतं. त्या फळीवरून हात फिरवला की मला आजही फार समाधान वाटतं.

सांध्यांबद्दल थोडक्यात. पायात चौकोनी खाच, पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारी कूस. अशा आठ खाचा. पहिलीला एक तास पन्नास मिनिटं, आठवीला पस्तीस. कूस पाऊण इंच लांब घेतली तर दीड इंची पायात दोन बाजूंच्या कुसांची टोकं आत एकमेकींवर आपटतात. ती ४५ अंशांत कापली. पटाशी (खाच कोरायची छिन्नी) ठोकायचं काम फक्त रविवारी अकरा ते एक, कारण खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे.

वरची फळी पायांना चिकटवायची नाही, हे मात्र कळकळीने सांगते. सागवान कमी हलतं, पण हलतं. लांबीत नाही, रुंदीत. मी पट्ट्यांना आतून खाच पाडून त्यात सरकतील असे लाकडी गुटके घातले आणि ते फळीला खालून स्क्रूने धरले. मेमध्ये पट्टीने मोजून ठेवलं होतं, ऑगस्टमध्ये पुन्हा मोजलं. चौदा इंच रुंदीची फळी जवळजवळ दोन मिलीमीटर वाढली होती. चिकटवली असती तर यातून चीर गेली असती किंवा सांधा उघडला असता. आता ऑक्टोबरात ती परत आकसतेय.

तेल जवसाचं, उकळलेलं, तीन हात, वर मेण. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी वाळत घाला.

टेबल जानेवारीअखेर पलंगाशेजारी लागलं. नऊ महिने आई रोज त्याच्या कडेवर हात टेकून उठतेय. उंची गादीबरोबर, एकवीस इंच. डुगडुगत नाही, सरकत नाही. पाण्याच्या तांब्याचा एक गोल डाग पडला होता, तो तेलाच्या हाताने गेला.

खर्च: रंधा १,६५०, तीन पटाश्या ९४०, करवत ३८०, गुण्या २१०, दगड २९०, लाकूड १,४८०, तेल-फेव्हिकॉल-पेपर ३४०. एकूण ५,२९०. त्यातले टेबलाचे म्हणाल तर १,८२०, बाकीची हत्यारं घरात आहेत.

पावसाळ्यात रंध्याचा तळ एका रात्रीत गंजला. आता शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं फिरवून गुंडाळून ठेवते. ऑगस्टमध्ये उरलेल्या सागवानाचा पाट करायला घेतला तेव्हा आत तुटून राहिलेला खिळा लागला आणि पात्याच्या धारेला मोठी खाच पडली. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवायचा असतो. टेबलाच्या वेळी फिरवला होता, पाटाच्या वेळी राहिला. हाताने घासून ती खाच निघेना, म्हणून हा नवीन जोड आणला.

इथपर्यंत रविवारी रात्री लिहिलं होतं. फट मी स्वतः दगडावर काढू शकले असते, आता येतं. पण ६२० रुपये मोजून पुन्हा तेच का करायचं? बुधवारी कामावरून येताना दुकानात गेले आणि सांगितलं की फट दिसते, दुसरं द्या. दुकानदार आधी कुरकुरले, मग त्यांनी पाकिटं काउंटरवर ठेवली. मी एकेक आवळून ट्यूबलाइटला धरत गेले. पहिल्यात फट, दुसऱ्यात फट, तिसऱ्यात काळी सलग रेषा. चौथ्यात पुन्हा फट. तिसरं त्यांनी बदलून दिलं, जास्तीचा एक रुपयाही घेतला नाही. एवढंच नाही, उरलेल्या तिन्ही पाकिटांवर पेनने खूण करून बाजूला ठेवली.

म्हणून आता माझं मत असं: रंधा घ्या, या किमतीत टिकाऊ आहे. पण ऑनलाइन मागवू नका. दुकानात उभं राहून जोड आवळायला लावा आणि उजेडाला धरा. चारही पाकिटांचे फोटो, कोणत्या कोपऱ्यात किती उजेड येतो ते बाणाने दाखवून, मी गुरुवारी कंपनीला पाठवले आहेत. या वेळी तक्रार बंद केली तर पुन्हा उघडेन.