कंडोम फाटल्यानंतर : कोकणातल्या सरकारी आयसीटीसी सेवेचं परीक्षण

चाचणीसाठी दहापैकी आठ गुण, पहिल्या रात्रीसाठी चार. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या सरकारी आयसीटीसीबद्दल, म्हणजे एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांबद्दल, थोडक्यात सांगायचं तर एवढंच. ही केंद्रं जिल्हा रुग्णालयांत आहेत, उपजिल्हा रुग्णालयांत आहेत, अनेक ग्रामीण रुग्णालयांतही आहेत. चाचणी फुकट, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी, आणि समोर बसलेली व्यक्ती उपदेश न करता ऐकून घेते. पण कंडोम फाटतो रात्री अकराला आणि केंद्र उघडतं सकाळी ओपीडीबरोबर. चार गुण त्या मधल्या वेळाचे आहेत.

हा मधला वेळ महत्त्वाचा, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधं, म्हणजे पेप, संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ७२ तास ही शेवटची मुदत झाली. पहिल्या काही तासांतली गोळी तिसऱ्या दिवशीच्या गोळीपेक्षा कितीतरी मोलाची असते. विषाणू आधी स्थानिक पेशींत आणि लसिकाग्रंथींत शिरतो, मग अंगभर पसरतो. त्याआधीच त्याला अडवायचं असतं. शनिवारी रात्री अकराला प्रकार घडला, तर मुदत मंगळवारी रात्री अकराला संपते. रविवारी ओपीडी बंद. गणपतीत किंवा शिमग्यात सुट्ट्या लागून आल्या, तर सोमवारही गेला. म्हणून पहिल्या तीन दिवसांत आयसीटीसीचं दार शोधत बसू नये, थेट अपघात विभागात जावं. तिथे चोवीस तास डॉक्टर असतो. सुई टोचलेल्या नर्ससाठी आणि लैंगिक अत्याचाराच्या केससाठी पेपच्या गोळ्या तिथे ठेवलेल्या असणं अपेक्षित आहे.

एक अडचण इथे उघड सांगायला हवी. सरकारी साठा मुख्यतः याच दोन कारणांसाठी असतो. संमतीच्या संबंधात कंडोम फाटला असेल, तर गोळ्या मिळणं ड्युटीवरच्या डॉक्टरवर अवलंबून राहतं. काही ठिकाणी लगेच देतात, काही ठिकाणी ‘उद्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीवर औषधोपचार करणाऱ्या केंद्राला) विचारा’ म्हणतात. नकार मिळाला तर वाद घालू नये. एमडी मेडिसिन असलेल्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी आणि चिठ्ठीवरची गोळी कुठे मिळेल ते आधी फोनवर विचारावं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती सहसा फळीवर नसते, रत्नागिरीहून किंवा कोल्हापूरहून मागवावी लागते आणि त्यात दिवस जातो. गुहागरच्या माणसाने तवसाळ-जयगडची फेरीबोट रात्री मिळणार नाही हेही गृहीत धरावं. चिपळूणवरून जायचं तर तास वाढतात.

पण त्याही आधी एक प्रश्न : पेप लागणार आहे का? जोडीदार एचआयव्हीबाधित असेल, रोज औषध घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला असेल, तर संबंधातून संसर्ग होत नाही. मग पेपची गरज नाही. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसेल, तर धोक्याचे आकडे असे : योनीमार्गाच्या संबंधात बाईला दर १०,००० वेळांमागे साधारण ८, पुरुषाला ४. गुदमार्गात आत घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११. हे पूर्ण विनाकंडोम संबंधाचे आकडे आहेत. जोडीदाराबद्दल काहीच माहिती नसेल तर आधी तो बाधित असण्याची शक्यता धरावी लागते. भारतात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. दोन्हींचा गुणाकार केला, तर योनीमार्गाच्या एका संबंधात बाईचा धोका साधारण सहा लाखांत एक निघतो. ही सरासरी आहे, प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. गुप्तांगावर जखम किंवा फोड असेल, जोडीदाराला नुकताच संसर्ग झाला असेल, किंवा तो जास्त जोखमीच्या गटातला असेल, तर आकडा चढतो. हा हिशेब चांगला समुपदेशक कागदावर मांडून दाखवतो. सेवेतला आमच्या मते हा सगळ्यात मोलाचा भाग, आणि त्याची जाहिरात कुठेच नाही.

सगळ्यात जलद उत्तर मात्र जोडीदाराच्या चाचणीतून मिळतं. तो राजी असेल तर दोघांनी एकत्र यावं. त्याची चाचणी निगेटिव्ह आली आणि मागच्या तीन महिन्यांत त्याला दुसरी जोखीम नसेल, तर विषय तिथेच मिटतो. जबरदस्तीने कुणाचं रक्त तपासता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीआधी संमती बंधनकारक केली आहे, आणि निकाल गुप्त ठेवणंही.

पेप सुरू झालीच, तर सध्याची गोळी एकच असते : टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. रोज एक, २८ दिवस. बाटलीत ३० असतात, दोन उरतात. त्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नयेत. बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी : उशिरा सुरुवात आणि मधले चुकलेले डोस. मोबाइलवर गजर लावावा. अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यात अडकवून ठेवतात. म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला सांगावं, दिवसाचा डोस १००० मिलिग्रॅमवर आणावा लागू शकतो. सुरुवातीला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन या तपासण्या करतात. हिपॅटायटिस बी आधीपासून असेल तर गोळी बंद केल्यावर तो उसळू शकतो. मात्र रिपोर्ट येईपर्यंत पहिला डोस थांबवून ठेवू नये.

बाईच्या बाबतीत गर्भाची भीती वेगळी. लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. पाच दिवसांच्या आत कॉपर टी बसवली तर ती अधिक भरवशाची. पेप आणि ही गोळी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीचं काम होत नाही. साबणाने किंवा डेटॉलने आतून धुवू नये, अस्तर सोलवटतं आणि धोका वाढतो.

आता चाचणी. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी फक्त आधीची स्थिती सांगते, त्या रात्रीचं काही सांगत नाही. आयसीटीसीतले रॅपिड किट मुख्यतः प्रतिपिंडं शोधतात आणि ती तयार व्हायला २३ ते ९० दिवस लागतात. खासगी लॅबमधली शिरेच्या रक्तावरची चौथ्या पिढीची चाचणी (प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी) १८ ते ४५ दिवसांत उत्तर देते. म्हणून सहा आठवड्यांनी एक आणि तीन महिन्यांनी एक. पेप घेतली असेल तर काही केंद्रं सहा महिन्यांनी अजून एकदा बोलावतात, जावं. पहिलं किट निगेटिव्ह आलं तर रिपोर्ट निगेटिव्ह. रिअॅक्टिव्ह आलं तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळी किट लावतात, आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. एका किटवर घाबरायचं नाही ते याचसाठी. या काळात प्रत्येक संबंधात कंडोम वापरावा आणि रक्तदान करू नये. शिबिरात रक्त देऊन आपोआप चाचणी करून घ्यायची युक्ती काही जण काढतात. ती घातक आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत संसर्ग त्या तपासणीतून निसटून रुग्णापर्यंत पोचू शकतो.

गावात बातमी एसटीच्या आधी पोचते, ही भीती खरी आहे. लॅब टेक्निशियन वाडीतलाच निघू शकतो. पत्त्याचं बंधन नसल्यामुळे मालवणचा माणूस ओरोसला किंवा दापोलीचा माणूस रत्नागिरीच्या सिव्हिलला जाऊ शकतो, आणि बरेच जण तेच करतात. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता मराठीत बोलता येतं. कुठलं केंद्र जवळ आहे, हेही तिथे विचारता येतं.

धास्तीबद्दल केंद्रात जेवढं बोललं जातं ते अपुरं आहे. दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा, पुरळ अशी लक्षणं काहींना येतात खरी. पण कोकणात पावसाळ्यात ताप म्हणजे डेंगी, लेप्टो, मलेरिया. त्याची तपासणी आधी करावी. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, आणि लक्षणं नाहीत म्हणून सुटकाही नाही. मानेतल्या गाठी दिवसातून वीसदा दाबून पाहिल्या की त्या दुखायला लागतात, आणि मग दुखतात म्हणून धास्ती वाढते. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोपही उडते. ते औषधाचं काम असतं, आजाराचं नव्हे. गोळी सकाळी घेऊन पाहावी. चाचण्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात आणि मध्ये चाचणी करू नये. काळजीला संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून द्यावीत, रात्रीचं मोबाइलवर शोधणं बंद ठेवावं. आठवडाभर झोप नसेल, जेवण सुटलं असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत.

कंडोम का फाटला, हेही समुपदेशकाने विचारायला हवं, पण बहुधा राहून जातं. कोकणातलं नेहमीचं उत्तर म्हणजे खोबरेल. तेल लॅटेक्सला काही मिनिटांत कमकुवत करतं, पाण्याचं जेल चालतं. त्याखालोखाल पाकिटात किंवा बाइकच्या डिकीत महिनोन्‌महिने उन्हात राहिलेला कंडोम, टोकात राहिलेली हवा आणि एकावर एक घातलेले दोन. केंद्रात फुकट मिळणारे कंडोम चांगले असतात, फक्त तारीख पाहून घ्यावी.

उरलेले सहा गुण मिळवायला फार खर्च नाही. अपघात विभागाच्या टेबलावर पेपच्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कोणाकडे आहे आणि रात्री एआरटी सेंटरच्या कुणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून चिकटवलं तरी पुरे.