फॅटी लिव्हर: ताट बदलायचं की गोळी घ्यायची?

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ (यकृतात सौम्य प्रमाणात साचलेली चरबी) दिसलं की पहिला प्रश्न गोळीचा येतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी वजनकाटा. ८० किलोच्या माणसाने ४ किलो कमी केले तरी यकृतातली चरबी उतरू लागते. ७-८ किलो उतरवले तर सूजही ओसरू शकते. त्यासाठी रोज अर्धा तास भरभर चालणं. गोड चहा, फरसाण, दारू बंद. (बिनसाखरेची कॉफी मात्र यकृताला मानवते.)

औषधांचं काम वेगळं. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रेस्मेटिरोम मध्यम ते तीव्र फायब्रोसिससाठी (यकृतावर व्रण पडण्यासाठी) आहे, तेही आहार-व्यायामासोबतच. भारतात सारोग्लिटाझार दिलं जातं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल (यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल) जरूर विचारा; यकृतावर व्रण पडू लागले असतील तर नुसत्या चालण्यावर विसंबू नका.