जुन्या बाजारातले नाणेवाले काका

मी एसटीत कंडक्टर आहे, नारायणगाव डेपोला, बारा वर्षं झाली. माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते आणि पुण्याचा जुना बाजार बुधवारी न् रविवारी भरतो. मंगळवार पेठेत रस्त्याच्या कडेला जुने नळ, पाने-पक्कड, बंद घड्याळं, पितळी समया मांडलेल्या असतात. त्यातच एक काका निळ्या ताडपत्रीवर नाणी घेऊन बसतात. दुकानाला नाव नाही, पाटी नाही. दोन वर्षं मी त्यांच्याकडे जातेय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी मला हा नाद लागला कसा ते सांगते. भांडणातून लागला. दहा रुपयांचं नाणं सुट्ट्यात दिलं की प्रवासी परत करायचे. "मॅडम, हे पंधरा रेघांचं आहे, नकली आहे." कुणी म्हणायचं, रुपयाचं चिन्ह नसलेलं बंद झालं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि सगळे चालतात. ते पत्रक मी मोबाइलमध्ये ठेवून दाखवायचे. रुपयाचं चिन्हच मुळी २०१० साली ठरलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं, मग त्याआधीच्या नाण्यावर ते असेल कसं? हे समजावता समजावता मलाच वाटायला लागलं की चौदाही नमुने एकदा डोळ्यांनी बघावेत.

तिकिटांच्या पैशांच्या पिशवीतलं नाणं आम्हा कंडक्टरांना तसंच उचलता येत नाही. ड्युटीवर जाताना आमच्या खासगी पैशांचीसुद्धा नोंद होते. म्हणून रात्री डेपोत दिवसाच्या पैशांचा भरणा झाला की कॅशियरना नोट द्यायची आणि हवं ते नाणं मागून घ्यायचं. असं करता करता सालाच्या खाली बघायची सवय लागली. तिथं पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. इतकी वर्षं हजारो नाणी माझ्या बोटांखालून गेली होती आणि मी ती नुसती मोजली होती. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते.

अकरा नमुने मला डेपोतच मिळाले. उरलेल्या तिनांसाठी एका सहकाऱ्यानं काकांचं ठिकाण सांगितलं. काकांनी दहाचं नाणं वीसला दिलं आणि तीन नाण्यांसाठी माझ्याशी पाऊण तास बोलले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी सोबत एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, नेली होती. दुसऱ्या एका ठिकाणी साडेतीनशेला घेतलेली, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. फार अभिमानानं दाखवली. काकांनी ती कडेनं धरली, भिंग लावलं आणि काही न बोलता डब्यातून आणखी दोन काढून तिच्या शेजारी ठेवल्या. तिन्हींचा कडेचा टवका एकाच जागी उडालेला होता. शिवराई हातानं ठोकायचे, ताई, ते म्हणाले, ठसा दर वेळी थोडा इकडेतिकडे बसणारच. तीन नाण्यांना एकच जखम असेल तर ती साच्यात ओतलेली. मग त्यांनी मला पृष्ठभागावरचे सुईच्या टोकाएवढे खड्डे दाखवले, ओतताना हवेचे बुडबुडे राहतात त्यांचे, आणि कडेवरून फिरणारी जोडाची रेघ. त्यानंतर अस्सल शिवराई हातात दिली. तिची अक्षरं झिजलेली होती, पण कडा टणक होत्या. मला रडू आलं. पैसे गेले म्हणून नव्हे. महाराजांच्या नावावर कुणी असं करतं, याचं वाईट वाटलं.

मी ती अस्सल विकत मागितली, तर काका म्हणाले, आज नको. आधी तुम्हाला काय जमवायचंय ते ठरवा.

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी कंडक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी तळातून एक डबा काढला आणि म्हणाले, डोळे मिटा. एक नाणं हातात ठेवलं. कडेला लाटा होत्या. दुसरं चौकोनी, कोपरे गोल केलेले. तिसऱ्याच्या मधे भोक. लाटांचं म्हणजे एक आणा, चौकोनी दोन आणे आणि भोकाचा तो पैसा, दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा १९४३ पासून काढलेला. अंधारात, गर्दीत न बघता सुट्टे काढणाऱ्या माणसाला हे आकार किती सोयीचे, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. आता एक आणि दोनची नाणी बोटांना वेगळी ओळखता येत नाहीत, रोज अडतं.

आणि मग लक्षात आलं. आपली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर–पुणे धावली, तिचे वाहक लक्ष्मण केवटे. अशोकस्तंभाची नाणी आली १५ ऑगस्ट १९५० ला. म्हणजे देश स्वतंत्र होऊनही केवट्यांच्या पिशवीत जॉर्ज राजाचा चेहरा असलेली नाणी खुळखुळत असणार! तेव्हापासून माझा संग्रह ठरला: १९४८ पासून आजपर्यंत एसटीच्या कंडक्टरच्या पिशवीत जे जे पडलं असेल ते. चौसष्ट पैशांचा, म्हणजे सोळा आण्यांचा रुपया, मग १ एप्रिल १९५७ पासूनचे नवे पैसे, रुपयाला शंभर, तिथपासून पुढं. सगळं कमी किमतीतलं. भोकाचा पैसा तीस रुपयांना, आणा चाळीसला.

आता उणिवा. काकांकडे नोटा फारशा नसतात आणि ज्या असतात त्या घडी पडलेल्या. ऊन डोक्यावर येतं, बसायला जागा नाही, बाई माणसाला वाकून उभं राहावं लागतं. पाऊस आला की मांडणी नाहीच, आधी फोन करून जावं. बिल देत नाहीत, हे मला आजही खटकतं. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो, त्यामुळे तसं काही घ्यायचं असेल तर परवानाधारक व्यापाऱ्याकडून पावतीनं घ्या. मीही माझी शिवराई तशीच घेणार आहे.

नाणी ठेवायला ते पुठ्ठ्याच्या चौकटी देतात, पारदर्शक खिडकीच्या, तीन रुपयांना एक. त्या जरूर घ्या. मी आधी दुसरीकडून मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम घेतला होता, एका पावसाळ्यात तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर आला. आणि घरी जुनं नाणं सापडलं तर कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावू नका. माझ्या आत्यानं मायेनं घासून दिलेला १९४७ चा रुपया काकांनी हातात घेतला आणि नुसता निःश्वास सोडला.

सकाळी नऊच्या आत जा, गर्दी नसते आणि काका बोलायच्या मनःस्थितीत असतात. भाव थोडा कमी करतात, पण पुडीतल्या नाण्यांना हात लावताना विचारा. उद्या बुधवार. बैलाचं चित्र असलेल्या आण्यांची एक पुडी त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलीय, सालं त्यांनीही अजून पाहिलेली नाहीत.