दमट हवेतला ‘मिनी एसी’: पैसे कुठे बुडतात, आणि दुसऱ्यांदा कुठे

एप्रिल उजाडला की मोबाइलवर त्याच जाहिराती पुन्हा सुरू होतात. डब्याएवढा पांढरा ठोकळा, त्यातून निघणारं धुकं, शेजारी गाढ झोपलेलं बाळ आणि वर ‘१० मिनिटांत खोली १६ अंशांवर’. खोडलेली किंमत सहा हजारांच्या घरात, आजची दोन हजारांच्या आत. खाली घड्याळ उलटं पळत असतं. पान बंद करून पुन्हा उघडलं की तेही पहिल्यापासून पळायला लागतं. मुंबई, ठाणे, वसई, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात ही वस्तू घेणारा फसणार हे जवळपास ठरलेलंच, कारण पार्सलमध्ये जाहिरातीतलीच वस्तू निघाली तरी ती इथे कामाची नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. पण तिथे पैसे आधी आणि खोका नंतर. पैसे दिल्याशिवाय डिलिव्हरीवाला सहसा पार्सल फोडू देत नाही, आणि फोडेपर्यंत तो पुढच्या इमारतीत पोचलेला असतो.

खोक्यातल्या ठोकळ्याचे चार स्क्रू काढले की आत काय दिसतं? संगणकात असतो तसला ५ व्होल्टचा छोटा पंखा, पाणी शोषणारी जाड कागदासारखी पट्टी, ३०० ते ६०० मिलिलिटरची टाकी, रंग बदलणारे एलईडी आणि यूएसबी वायर. काहींत पाण्याचं धुकं करणारी पिझो चकती असते. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, गरम हवा खिडकीबाहेर टाकणारा पाइप नाही. म्हणजे खोलीतली उष्णता खोलीबाहेर नेईल असा एकही भाग त्यात नाही. खरं तर इथेच विषय संपतो, पण जाहिरातीखालच्या ‘मस्त आहे, दोन घेतले’ छापाच्या प्रतिक्रिया वाचून लोक डळमळतात, म्हणून हिशेबही मांडू.

५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. एक टनाचा एसी खोलीतून साधारण ३,५०० वॉट उष्णता उचलतो आणि त्यासाठी हजारेक वॉट वीज खातो. ठोकळ्यात गारवा येतो तो पाण्याच्या बाष्पीभवनातून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ३०० मिलिलिटर पाणी साडेतीन तासांत पूर्ण उडालं असं धरलं, तर सरासरी ५७ वॉट होतात. स्वस्थ बसलेला एक माणूस अंगातून साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे सगळं काही उत्तम चाललं तरी हा ‘एसी’ अर्ध्या माणसाला पुरतो, तेही तो माणूस त्याच्या तोंडासमोर बसला तर.

आणि किनाऱ्यावर उत्तम चालत नाही. बाष्पीभवनाने हवा किती गार होईल याला मर्यादा असते, ती ओल्या बल्बच्या तापमानाची, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात जे तापमान दाखवतो त्याची. नागपुरात मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तेव्हा ही मर्यादा २२ अंशांच्या आसपास येते. म्हणून तिथले वुडवूल किंवा वाळा लावलेले मोठे कूलर हवा सहज १४-१५ अंशांनी उतरवतात. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना मर्यादा २८ च्या वर असते. परिपूर्ण कूलरलाही इथे पाच अंश मिळत नाहीत, या खेळण्याला दोन मिळाले तरी पुष्कळ. माठातलं पाणी विदर्भात जितकं गार होतं तितकं कोकणात होत नाही, त्यामागे हेच कारण.

उलट त्रास वाढतो. बंद १० बाय १० च्या खोलीत ३०० मिलिलिटर पाणी सोडलं, तर हवा पाण्याने भरून जवळजवळ संपृक्त होते. मग घाम सुकत नाही, अंग चिकचिकतं आणि गार वाटण्याऐवजी घुसमट होते. पिझो चकतीच्या प्रकारात बोअरचं पाणी घातलं तर टेबलावर क्षारांची पांढरी पूड बसते आणि टाकी रोज धुतली नाही तर वास मारते.

जाहिरातीतला थर्मामीटर खोटाच असतो असं नाही. तो धुक्याच्या झोतात धरलेला असतो. ओला झालेला थर्मामीटर खोलीचं तापमान दाखवत नाही. किंवा टाकीत बर्फ घातलेला असतो. ३०० ग्रॅम बर्फ वितळायला साधारण १०० किलोज्यूल लागतात. तासभर मंद गारवा, बस्स. बर्फ बनवणारा फ्रिज त्याच खोलीत असेल तर बर्फ बनवताना त्याहून जास्त उष्णता त्याने खोलीत सोडलेली असते. खरी परीक्षा करायची तर कोरडा डिजिटल थर्मामीटर झोतापासून बाजूला, मीटरभर अंतरावर ठेवा, एक तास थांबा. शक्यतो त्यात आर्द्रताही दिसणारा घ्या.

गळ्यात अडकवायचे बॅटरीवरचे पंखे इतके निरुपयोगी नाहीत. हवा खेळती राहिली की घाम थोडा तरी सुकतो, आणि लोकलच्या गर्दीत तेही कमी नाही. मात्र हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग तापवू लागतो, हा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनेही दिलेला आहे. यातली फसवणूक बॅटरीत असते. १८६५० आकाराचा अस्सल लिथियम सेल साधारण ३,५०० एमएएचच्या (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) पुढे जात नाही. एका सेलवर ९,९०० छापलं असेल तर तो सेल बनावट समजावा, आणि बनावट सेल गळ्याभोवती बाळगणं अंगावर बेतू शकतं. ‘बर्फाची पट्टी’ म्हणून मिरवणाऱ्या पंख्यात पेल्टिअर प्लेट असते. ती एका बाजूने गार होते, दुसऱ्या बाजूने त्याहून जास्त गरम. ती गरमी झटकायला चांगला हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा पत्र्यांचा ठोकळा) आणि पंखा लागतो. स्वस्त मालात तो नावापुरता असतो, आणि काही मिनिटांत गार बाजूही कोमट होते.

मेन्थॉलची पावडर त्वचेतल्या गारव्याच्या संवेदकांना चेतवते, तापमान उतरवत नाही. ते माहीत असून लावली तर हरकत नाही. कूलिंग जॅकेट घेताना आत काय आहे ते विचारा: नुसते पाणी शोषणारे दाणे असतील तर ते कोरड्या हवेचं काम, आधी गोठवून ठेवायचे पॅक असतील तर दमट हवेतही चालतं. दोन किलोच्या पॅकमध्ये अंगाची १०० वॉट गरमी तासभर शोषण्याएवढी ताकद असते.

आता दुसरी फसवणूक, जी पहिलीपेक्षा महाग पडते. पैसे परत हवेत म्हणून माणूस गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. तिथे भामट्यांनीच पेरलेले नंबर असतात. पलीकडचा अगदी अदबीने बोलतो: ‘सर, रिफंड मंजूर आहे, फक्त खातं पडताळायचंय.’ मग तीनपैकी एक प्रकार होतो. मोबाइलची स्क्रीन त्याला दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगतो, किंवा क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, जमा होतील’ म्हणतो, किंवा ५ रुपये भरायला लिंक देतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. दीड हजाराच्या ठोकळ्यापायी अख्खं खातं रिकामं होतं ते इथे.

खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येते, म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात. नुसती वस्तू भलतीच निघाली असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. कॅश ऑन डिलिव्हरीत त्याच दिवशी कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार करावी: ते पैसे सहसा लगेच विक्रेत्याला जात नाहीत, काही दिवसांनी एकत्र जातात, तेवढी संधी असते. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी जाहीर करावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं लागतं. पानावर यातलं काहीच नसेल तर ऑर्डरच देऊ नये. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

पुरावा मात्र आधीच गोळा करा, कारण जाहिरातीचं पान दोन आठवड्यांत गायब होतं. वर दिसणाऱ्या वेबपत्त्यासकट पानाचा स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल, आणि लेबल दिसत असताना सुरू करून वस्तू बाहेर काढेपर्यंत न तोडलेला व्हिडिओ. तक्रारीत ‘नीट गार करत नाही’ असं मोघम लिहू नये. ‘खोली १६ अंशांवर आणतो असा दावा, वस्तूवर छापलेली क्षमता १० वॉट, कॉम्प्रेसर नाही’ असं लिहावं आणि दोन्हींचे फोटो जोडावेत.