पिशवीच्या कागदावर माझी सही

सेतू केंद्रात बसून मी दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर. वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून माणसांना दटावतेसुद्धा. आणि जुलै २०१६ मध्ये, तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात, वहिनीची गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या कागदावर 'नातेवाईक' लिहिलेल्या जागी मी सही केली ती एक ओळही न वाचता. कागद इंग्रजीत होता, पण तेवढं इंग्रजी मला येतं.

दादा-वहिनी म्हणजे एक कोयता; ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तसंच म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड सोडायचं, कोल्हापूरकडच्या कारखान्यावर पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळा लागला की परत. त्या हंगामात वहिनीच्या अंगावरून दहा-दहा, बारा-बारा दिवस जायला लागलं. गाठी पडायच्या. कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, ना न्हाणी, ना संडास. कापड भिजलं की फडात आडोशाला जाऊन बदलायचं आणि परत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. एक दिवस पडून राहिलं की खाडा, खाड्याचे पैसे कापणार. म्हणून ती पडून राहिलीच नाही. गावी आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि चार पायऱ्या चढून धापा टाकत होती. वय ३३.

डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न विचारले. सोनोग्राफी त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. मग पडद्यावर पेन टेकवून म्हणाले, "हे काळं दिसतंय ना, ही गाठ. आज ना उद्या कॅन्सर होणार. दोन लेकरं झालीत, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, आता पिशवीचं काम काय?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिची मावशी कॅन्सरनेच गेलेली. तिच्या डोळ्यांपुढे मावशी उभी राहिली, माझ्या डोळ्यांपुढे तिची दोन पोरं. त्यापुढे आम्ही काहीच विचारलं नाही.

खर्च पस्तीस हजार. "उद्याच सकाळी उपाशीपोटी आलात तर पाच हजार कमी करू." कॅन्सरवर सूट कशी मिळते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तीस हजार मुकादमाने, म्हणजे तोडीला टोळी नेणाऱ्या माणसाने, दिले. एरवी पाचशे रुपयांसाठी चार चकरा मारायला लावणारा माणूस त्या संध्याकाळी घरी येऊन नोटा मोजून गेला. पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ मजुरीत, धरले. जाताना दादाला म्हणाला, "बरं झालं, आता खाडे बंद."

आणि सही. वहिनीने आपलं नाव हळूहळू लिहिलं, मी खाली माझं. नर्स म्हणाली, "लवकर, टेबल तयार आहे."

पाळी थांबली, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. दसऱ्यानंतर ती पुन्हा फडात. पण वर्षाच्या आत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. जानेवारीतल्या थंडीत कोपीबाहेर येऊन पदराने वारा घ्यायची. झोप उडाली, गुडघे धरले, कोयता धरताना मनगट दुखायचं. गावातल्या बायका म्हणाल्या, पिशवी काढल्यावर होतंच असं. त्यांच्या ओळखीत तसं झालेल्या इतक्या होत्या की आम्हालाही ते खरं वाटलं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, ही बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ऊसतोडीच्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आशाताई आमच्याही दारात वही घेऊन आल्या. कोणत्या वर्षी, कुठे, कशासाठी? 'कशासाठी'ला वहिनी म्हणाली, "कॅन्सर." आशाताईंनी रिपोर्ट मागितला. ट्रंकेतून कॅरीबॅगमधले कागद काढले, तर त्यात कॅन्सरचा एकही कागद नव्हता.

ते कागद घेऊन आम्ही बीडच्या सिव्हिलला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी वाचली. पिशवी किंचित मोठी, आणि तिच्या तोंडाशी पाण्याचा एक बारीक फोड. "हा पुष्कळ बायकांना असतो. याला काही करावं लागत नाही. गाठ कुठाय यात?" मग डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: टीएएच, म्हणजे पोट उघडून पिशवी काढली, त्यापुढे बीएसओ. मला विचारलं, "बीएसओ म्हणजे काय, सांगितलं होतं का?"

बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशयं काढली. नुसती पिशवी काढली असती तर पाळी गेली असती, पण अंडाशयं काम करत राहिली असती. दोन्ही काढली की पाळी जायचं वय एका दिवसात येतं. त्या वाफा, ते सांधे, सगळं त्याचं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचाही धोका वाढतो. इतक्या तरुणपणी दोन्ही काढावी लागली, तर दुसरी अडचण नसलेल्या बाईला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात. वहिनीला तीन वर्षांत एक गोळी कुणी दिली नव्हती. अंडाशयं काढल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं, तर मागणार कशी?

मी विचारलं, काय करायला हवं होतं? बाई उठून जातील असं वाटलं, पण त्यांनी नीट सांगितलं. आधी रक्त. वहिनीचं हिमोग्लोबिन ७.८ होतं, कार्डावरच लिहिलेलं. तिला लोह हवं होतं. थायरॉईड बघायचं, दिवस गेलेत का तेही बघायचं. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात आणि तो रिपोर्ट हातात आल्यावर पुढचं ठरवतात. नुसत्या सोनोग्राफीवर कॅन्सर ठरत नाही. काढलेली पिशवीसुद्धा तपासायला पाठवतात. आमच्या कागदांत तोही रिपोर्ट नव्हता. आणि रक्तस्रावावर साधे उपाय असतात. पाळीच्या दिवसांत घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी (पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईने डॉक्टरांना सांगूनच), मेफेनॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या, नाहीतर पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन, जे काही वर्षं चालतं. यातलं एकही नाव आम्ही त्या दवाखान्यात ऐकलं नव्हतं.

तक्रार करायची म्हणून दवाखान्यात पूर्ण फाईल मागितली. "तीन वर्षं झाली, रेकॉर्ड ठेवत नाही." नियमही तसाच निघाला: फाईल तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. आम्ही तीन वर्षं आणि तीन महिन्यांनी गेलो होतो. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, ऑपरेशनपासून मोजली तर ती त्याच्याही आधी संपलेली. आता कुणाला फाईल हवी असेल तर मी त्याच आठवड्यात लेखी अर्ज करायला सांगते, आणि पोच घ्यायला.

२०१९ मध्येच बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांवर केंद्राची नियमावली तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं.

मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची एक बाई उत्पन्नाच्या दाखल्याला आली. दाखला कशाला, तर म्हणाली ऑपरेशनला मदत मिळते का बघायचंय. पिशवी काढायचीय, परवा बोलावलंय. मी फाईल मागून घेतली आणि मागे रांग उभी असताना पान न पान उलटलं. सोनोग्राफी होती. हिमोग्लोबिन होतं, ८.४. तुकड्याचा रिपोर्ट नव्हता. "कॅन्सर म्हणाले का?" तिने मान डोलावली. मी दाखल्याचा फॉर्म बाजूला ठेवला, कागदाच्या मागे सिव्हिलचा ओपीडीचा वार लिहून दिला आणि वहिनीला फोन लावून तिच्या हातात दिला.